पांढरीला दिलेला पाटा

आमच्या तांजुंग सेलोकमध्ये कुणालाही विचारा, मिस्नातीच्या ठेच्याला आता पूर्वीची चव नाही, असंच सांगतील. सांगू देत. माझा खरा पाटा समुद्राच्या तळाशी एका बोटीत आहे. तो तिथं कसा गेला हे ज्यांना ठाऊक आहे, ते माझ्या ठेच्याला नावं ठेवत नाहीत, निमूट जेवतात.

ती बोट डच सरकारची. तिचं खरं नाव पहाटेच्या ताऱ्यावरून ठेवलेलं होतं, पण ते घ्यायला गेलं की आमच्या जिभेला गाठ पडायची. आम्ही तिला पांढरी म्हणायचो. अंगानं पांढरीशुभ्र आणि मधोमध पिवळं धुराडं. लढाईची नव्हती ती, कामाची होती. आमच्या मदुरा बेटापासून पार पूर्वेच्या टोकापर्यंत दीपस्तंभांच्या जेवढ्या बत्त्या होत्या, त्या सगळ्यांना तेल पोचवायची, बत्तीवाल्यांना तांदूळ पोचवायची. देवीची लस टोचणारा डॉक्टर तिच्यावरून यायचा आणि साहेबांचे साहेबही तिच्यावरूनच यायचे. पण तिचं खरं काम बोयांचं. जिथं खडक असेल, वाळूचा उंचवटा असेल, तिथं ती हळूहळू यायची, मागच्या यारीनं लोखंडी बोया उचलायची आणि साखळदंडासकट पाण्यात सोडायची. तो मग वर्षानुवर्षं तिथं डुलत राहायचा आणि होड्यांना सांगायचा, बाबांनो, इकडून नका, तिकडून जा. माझे आजे-पणजे ज्या खडकांवर मेले, त्या खडकांवर माझ्या पिढीत कुणी मेलं नाही. डच लोकांनी आमच्या मिठागरांतलं मीठ मातीमोल नेलं, आम्हांला कधी आपल्या बाकावर बसू दिलं नाही, त्यांचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण पांढरीचं मी सांगणार.

माझा नवरा मतरावी तिच्या सुकाणूवर होता. चार शब्द बोलायचे तर आधी समुद्राची परवानगी काढणारा माणूस. त्याच्या वाटचंही मीच बोलायची, अजूनही बोलते. त्याचा कप्तान रूलोफसन, लालबुंद तोंडाचा, तळलेल्या केळ्यांचा भोक्ता. आमची भाषा तो मोडकीतोडकी बोलायचा, शिव्या मात्र अस्सल द्यायचा. बारा वर्षं याच पाण्यात फिरला होता. दर साली आम्ही समुद्राला त्याचा वाटा द्यायला निघालो आणि पांढरी जवळपास असली, की तो भोंगा वाजवायला लावायचा, आणि आम्ही ढोल बडवून उत्तर द्यायचो.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. बोयाच्या सावलीत मासा जमतो. पांढरी नवा बोया सोडून गेली, की पंधरा दिवसांत तिथं आमच्या होड्या लागल्याच म्हणून समजा. त्यामुळं गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं, की पांढरीनं पाण्यात जे टाकलं ते आपल्या भल्याचंच असणार.

मग जपानशी लढाई जुंपली. पांढरी सुराबायाच्या गोदीत गेली आणि बाहेर आली ती राखाडी होऊन. पिवळं धुराडंसुद्धा राखाडी. मागच्या बाजूला रूळ बसवले होते, थेट पाण्यावर उघडणारे. यारी तीच, माणसं तीच, कप्तान तोच. फक्त रुळांवर बोयांऐवजी शिंगं असलेले लोखंडी गोळे उभे होते. पाणसुरुंग. बोया वर राहून दिसतो, हा खाली राहून लपतो, एवढाच काय तो फरक. तळाला बांधलेला, जड बोटीचं पोट लागेल इतक्या पाण्याखाली. शिंगाला धक्का लागला की संपलं. बारा वर्षं जी माणसं वाट दाखवत आली, त्यांच्याच हातून वाट बंद करून घेतली सरकारनं. आमच्या वाळूच्या दांडीसमोरच्या पाण्यातही त्यांनी दोन ओळी टाकल्या, संध्याकाळच्या उजेडात, नेहमीच्याच खुणा धरून. मशिदीचा कळस चिंचेच्या झाडावर आला की टाक एक. त्याआधी सगळ्या खलाशांना कुराणावर हात ठेवायला लावला होता. किनाऱ्यावर कुणाला, बायकोलाही, एक अक्षर सांगायचं नाही.

हे मला पुष्कळ नंतर कळलं. तुम्हांला आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हांला हसू येणार नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्या दिवशी हसत होते.

झालं असं, की किनाऱ्यावर शिंपल्या वेचणाऱ्या बायकांनी पांढरीला पाहिलं. रंग बदलला म्हणून काय, चाल कुठं लपते? ती आली, हळूहळू गेली, मागून एकेक काहीतरी सोडत गेली. गावभर झालं की पांढरीनं नवे बोये पेरले, वरची टोपी नंतर बसवणार असतील. पाठोपाठ तिथं मासाही लागला, हा एवढाला. आमचे किआई मुस्तारी, नमाज पढवणारे तेच आणि समुद्राचा दिवस काढणारेही तेच, त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि ठरवलं, की यंदाचा वाटा तिथंच बुडवायचा. पांढरीनं दाखवलेली जागा, मग आणखी शकुन कसला बघायचा? मुहर्रमचा महिना वाऱ्यापावसात आला होता. समुद्र शांत दिसला त्याच सकाळी निघायचं, असं ठरलं.

वाटा म्हणजे एक छोटी होडी. रंगवलेली, फुलांनी मढवलेली. तिच्यात बकऱ्याचं डोकं, सात रंगांची खीर, केळ्यांचा घड, विड्याची पानं. ती बुडायला हवी म्हणून तिच्या पोटात एका घरचा पाटा ठेवायचा, दर साली वेगळ्या घरचा. यंदा पाळी माझी. माझ्या आईनं दिलेला काळा पाटा, मधे खोलगट झालेला. वरवंटा घरीच ठेवला, तो काही मागत नाहीत. जीव तुटला माझा, खोटं कशाला बोलू? पण समुद्राला फुटका पाटा कसा द्यायचा?

आणि होडी बुडायला लागली, की तिच्यामागं गावचे पोरगे उड्या घेतात. खाली जाणाऱ्या वाट्याला जो पहिला हात लावेल, त्याला वर्षभर मासा कमी पडत नाही. माझा एकुलता एक दुरासिम त्या वर्षी वीस-एकवीसचा, त्याचं लग्न ठरलेलं. सासू मोठी टेचात म्हणाली होती, की जावयाचा हात आधी वाट्याला लागू दे, मग माझ्या पोरीला लावू दे. दुरासिमसारखा बुडी घेणारा आमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा.

तर बघा. होड्या उथळ, त्या सुरुंगांवरून अलगद जाणार, काही होणार नाही. पण त्यांच्या मधोमध दगड घातलेली होडी खाली सोडायची, आणि तिच्यामागं पोरांनी खाली जायचं. माझा पाटा आणि माझा पोरगा, दोघंही त्या शिंगांवर.

सकाळी आम्ही निघालो. अख्खा गाव पाण्यावर. बायका, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्या नव्या लुगड्यांत. सनई, ढोल. खाडीच्या तोंडाशी, ओळींच्या पलीकडे, राखाडी पांढरी पहाऱ्याला उभी होती. आम्हांला पाहिलं आणि तिनं भोंगा दिला. आम्ही हुरळलो. लढाईच्या गडबडीतही आपल्याला विसरली नाही हो! ढोलवाल्यांनी हात आणखी सैल सोडले. ती भोंगा देतच राहिली, आणि जेवढा ती देईल तेवढे आम्ही जोरात वल्ही मारत राहिलो.

बोटीवर काय चाललं होतं, ते नवऱ्यानं नंतर एकदाच सांगितलं. कप्तानानं दुर्बीण लावली आणि त्याच्या लाल तोंडावरचं रक्त उतरलं. कर्ण्यातून ओरडून पाहिलं, ढोलांपुढं कुणाला ऐकू येतंय? एकच वल्ह्याची होडी शिल्लक होती, ती सोडली, पण भरती लागली होती आणि आम्हांला आत ओढत होती. वल्ही मारून कुणी वेळेत पोचणार नव्हतं. कप्तान म्हणाला, बकऱ्याच्या डोक्यापायी सरकारची बोट मी सुरुंगात नेऊ शकत नाही. तेव्हा माझ्या नवऱ्यानं, ज्यानं बारा वर्षांत त्याला उलट उत्तर दिलं नव्हतं, सुकाणूवरचा हात न काढता सांगितलं,

"तुआन, ते आंधळेपणानं येत नाहीयेत. आपण टाकलंय म्हणून येतायत."

तुआन म्हणजे साहेब. कप्तानानं दुर्बीण खाली केली. मग म्हणाला, "आणि तिथं पोचून काय सांगणार? तू कुराणावर हात ठेवलायस, मी माझ्या राणीला शब्द दिलाय."

"काही सांगायचं नाही. वाटा मागायचा."

आमच्यात रीत आहे. समुद्रावर कुणी समोरून येऊन वाटा मागितला, तर त्याला नाही म्हणायचं नाही. समुद्रानंच माणूस धाडला असं समजायचं. बारा वर्षांत रूलोफसनला हे ठाऊक झालं होतं. त्यानं खलाशांना सांगितलं, ज्याला उतरायचं असेल त्यानं तरंगायच्या बुचाच्या गाद्या बांधून पाण्यात उतरावं, आधी सोडलेली होडी उचलून घेईल. एकटा आचारी साकिर उतरला. बिचाऱ्याला लोक मरेपर्यंत चिडवत राहिले. मी नाही चिडवलं. त्या दिवशी त्याच्या एकट्याचंच डोकं ठिकाणावर होतं.

आणि मग आम्ही पाहिलं, की पांढरी आमच्याकडे येतेय.

मी आयुष्यात पुष्कळ पाहिलंय. तुफानं पाहिली, देवमासा पाहिला. पण तसं पुन्हा नाही पाहिलं. एवढी मोठी बोट, आणि चालीत एवढा हलकेपणा, झोपलेल्या तान्ह्या पोराजवळून आई जाते तशी. थोडी येई, थांबे, नाक जरासं वळवी, पुन्हा येई. पाणी हलत नव्हतं. ढोल आपोआप थांबले. वाजवणाऱ्यांनाही कळलं नसेल का थांबले. डेकवर सगळे खलाशी कठड्याला धरून उभे, कुणी हूं की चूं करत नव्हतं. मला वाटलं, आमच्या वाट्याचा मान ठेवतायत. सरकारची बोट, साहेबांच्या साहेबांना नेणारी, कोळ्यांच्या बकऱ्यापुढं अदबीनं येते आहे.

ती आमच्या होड्यांमध्ये येऊन थांबली. रूलोफसननं टोपी काढली आणि आमच्या भाषेत, मोडकंतोडकं, मागितलं, "वाटा आम्हांला द्या."

किआई मुस्तारी रडायला लागले. म्हणाले, समुद्रानं आजवर माणूस धाडला असेल, बोट कधी धाडली नव्हती. दोर आले, वाट्याची होडी वर गेली, माझ्या पाट्यासकट. कप्तानानं वाकून किआईंना आणखी एक गोष्ट सांगितली: या पाण्यात पुन्हा दगड, नांगर, जाळं, काही सोडू नका, मी येऊन सांगेपर्यंत. किआईंनी तिथंच हात वर करून सगळ्यांना बजावलं, आणि त्या दिवसापासून ते पाणी आम्हांला बंद झालं.

मी वर पाहिलं. मतरावी सुकाणूवर. सदरा भिजून अंगाला चिकटलेला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, नजर लांब मशिदीच्या कळसावर. मला हसू आलं. ओरडले, एवढी मोठी बोट घेऊन फिरता आणि गरिबाच्या बकऱ्यावर डोळा ठेवता होय? आणि माझा पाटा परत आणा! बायका खो खो हसल्या. त्याची मान वळली नाही. मी काय बोलत होते आणि कुठं बोलत होते, हे आठवलं की अजून हातातलं काम बाजूला ठेवते.

पांढरी वळली नाही. आली होती त्याच वाटेनं, तोंड आमच्याकडे ठेवून, मागं मागं गेली. किआई म्हणाले, बघा, वाट्याला पाठ दाखवत नाहीये. आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो.

दुरासिम मात्र पेटला होता. उडी मारायला कमरेचं कापड आवळून तयार बसलेला पोरगा कोरडाच घरी आला. बापानं सासरच्यांसमोर नाक कापलं, म्हणाला. बाप रजेवर घरी आला तेव्हा हा ताटावरून उठून गेला. मतरावी खाली मान घालून जेवत राहिला. मीही माझं पाट्याचं तुणतुणं लावलं. कळलं ते असं, की बाहेर खोल पाण्यात त्यांनी वाटा रीतसर सोडला, पण परत बोटीवर आलेल्या साकिरनं पाटा काढून घेऊन त्याजागी लोखंड घातलं होतं. मुदपाकखान्यातला फुटला होता म्हणे. समुद्राच्या पाट्यावर मेला मिरच्या वाटत होता! किआईंच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, अर्धा वाटा राहिला, समुद्र तो मागून घेईल.

मागून घेतलाच. थोड्याच दिवसांत जपानी आले. सुराबायाला आग लागली, धूर आमच्या अंगणातून दिसत होता. बोटी शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून डच लोकांनी आपल्याच बोटी आपल्या हातांनी बुडवल्या. पांढरीला खाडीच्या पश्चिमेच्या तोंडाशी नेली. मतरावी किनाऱ्याकिनाऱ्यानं, दुसऱ्याचा सदरा घालून घरी आला. जेवायला बसला आणि भातात हात घालून तसाच राहिला. म्हणाला, "तळाच्या झडपा मीच उघडल्या." एवढंच. रूलोफसनला जपान्यांनी छावणीत नेलं, तो परत आला नाही.

मतरावी तरीही सुरुंगांबद्दल बोलला नाही. शपथ होतीच, आणि आता दुसरीही भीती होती. पाणसुरुंग टाकणाऱ्या बोटीवर होता हे जपान्यांना कळलं असतं, तर त्यालाच बांधून पुढं घातलं असतं सुरुंग दाखवायला. पाणी बंद होतंच, किआईंचा शब्द कुणी मोडत नव्हतं. बाप जाळं विणत बसायचा, लेक त्याच्यासमोरून तोंड फिरवून जायचा. लग्न कसंबसं झालं, सासूच्या टोमण्यांसकट.

पुढच्या वाऱ्यापावसाच्या आधी, एका दुपारी, एक जपानी मालबोट त्या बंद पाण्यावरून निघाली. आम्ही किनाऱ्यावर मासे वाळत घालत होतो. आधी दिसलं, मग ऐकू आलं. मशिदीच्या दुप्पट उंच पाण्याचा खांब उभा राहिला. माझ्या हातातली सूपं जमिनीवर पडली. पाणी खाली बसलं तेव्हा बोट मधोमध मोडली होती, आणि ती जागा तीच होती, कळस चिंचेवर येतो ती. पांढरी जिथं टोपी काढून उभी राहिली होती ती.

सगळं गाव वळून माझ्या नवऱ्याकडे बघायला लागलं. दुरासिम त्याच्यापुढं जाऊन उकिडवा बसला. मतरावीनं जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, समुद्रानंच आता सांगून टाकलं, माझी शपथ फिटली. मग त्यानं सगळं सांगितलं, मी तुम्हांला सांगितलं तसं. सांगून झाल्यावर पोरगा म्हणाला, "एप्पा, मला तसं वाटेल ते बोलू तरी द्यायचं नव्हतं." एप्पा म्हणजे बाबा. एवढंच म्हणाला आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मी रडले नाही. मी वाळूतच बसले.

दुसऱ्या दिवशी दुरासिम न सांगता होडी घेऊन गेला. संध्याकाळी परतला तो माझा पाटा घेऊन. ओहोटीला पांढरीच्या डोलकाठीचं टोक पाण्याबाहेर येतं. तिथून तो आत शिरला होता, अंधारात मुदपाकखान्यात हात घालून काढला होता. माझ्यापुढं ठेवला. वर्षभर ज्या पाट्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं, तो. खोलगट भागात अजून मिरचीचा लाल डाग होता, की मलाच तसं वाटलं. मी त्यावर हात फिरवला. मग आत जाऊन वरवंटा आणला आणि शेजारी ठेवला.

"परत ठेवून ये," मी म्हटलं. "दिलेला आहे. आणि हाही ने, जोडी मोडू नये."

त्यावर दोघंही बापलेक माझ्याकडे बघत राहिले. मिस्नाती स्वतःहून काही सोडते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी आम्ही तिघंही गेलो. मतरावी तिला बुडवल्यापासून पहिल्यांदाच तिच्याजवळ जात होता. डोलकाठीच्या टोकावर एक बगळा बसला होता, तो उडाला. पाणी स्वच्छ होतं. खाली ती दिसत होती, एका कुशीवर, आणि राखाडी रंग सोलपटून आतला पांढरा वर आला होता. मतरावीनं तिला पाहिलं आणि मान खाली घातली. मी पाटा-वरवंटा एकत्र बांधले, भोवती चाफ्याची फुलं बांधली. दुरासिमनं पाटा छातीशी धरला, कमरेचं कापड आवळलं आणि उडी घेतली. ती उडी त्याची राहिलेलीच होती.

तो खाली गेला, गेला, आणि दिसेनासा झाला. फुलं तेवढी एकेक करून वर यायला लागली. मतरावीनं होडीचा काठ असा घट्ट धरला होता, की त्याची बोटं पांढरी पडली होती, आणि मला तेव्हा कळलं, की त्या दिवशी त्यानं सुकाणू कसं धरलं असेल. मी त्याच्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहिलो.

पोरगा वर आला.